सायलेन्सरला भोक पाडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: "कणकवली भागात झाडं तोडायची-छाटायची कामं घेतो. तीन चेनसॉ आहेत, पेट्रोलवर चालणारी करवतीची मशिनं. एक ५८ सीसीचं, २२ इंची बार (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती) असलेलं चायना. एक ७० सीसीचं चांगल्या कंपनीचं. आणि एक ३५ सीसीचं छोटं, झाडावर चढून वापरायचं. ओळखीचा एक मेकॅनिक पूर्वी आरएक्स १०० मोटारसायकलची पोर्टिंगं करायचा (सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा घासून मोठ्या करणं). तो म्हणतो, सायलेन्सर मोकळा केला आणि पोर्टिंग केलं की तिन्ही दीडपट ओढतील. करून घेऊ का?"

तिन्ही करू नका. छोट्याला तर हातच लावू देऊ नका. चायनावर पैसे घालू नका. ७० सीसीचं करण्यासारखं आहे, पण मेकॅनिक सांगतोय तिथून सुरुवात करून नाही: आधी चेन आणि बार, मग सायलेन्सर आणि कार्बोरेटर, पोर्टिंग सगळ्यात शेवटी.

मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. पुण्यात सोसायट्यांची पावसाळ्याआधीची छाटणी, घाटाखाली आंब्या-सागाची तोड, वादळ झालं की पडलेली झाडं. मशीन उघडून आत काहीतरी करून बघायचा नाद मलाही होता, अजून सुटलेला नाही. त्या नादात दोन ब्लॉक-पिस्टन घालवलेत. ते कसे गेले ते पुढे येईलच.

कुणी "मशीन ओढत नाही" म्हणून घेऊन आलं की मी इंजिन बघत नाही, खाली पडलेला भुसा बघतो. भुसा पोह्यांसारखा पडायला हवा. रव्यासारखा बारीक पडत असेल तर ताकद कमी नाही, धार गेलीये. अशा चेनवर माणूस जोर लावतो, बार आत दाबतो, इंजिन बसतं, आणि सगळ्यांना वाटतं मशीन म्हातारं झालं. मोबाइलवर वेळ लावून बघा: एकाच ओंडक्याच्या दोन चकत्या, एक आहे त्या चेनने, एक नीट कानस मारलेल्या चेनने. आमच्याकडे नव्या पोरांना मी हे करायला लावतो. निम्म्या वेळात दुसरी चकती पडते तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. कुठल्याही पोर्टिंगने एवढा फरक पडत नाही.

कानस बरोबर मापाची हवी. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला ४.८ मिमी, ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमी, मोठ्या ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातली "चालेल हो" म्हणून दिलेली कानस दात्याचा पोटाकडचा बाक बिघडवते. दात्याचा कोन ३० अंश असतो. बाभूळ, चिंच, वाळलेला साग असलं कडक लाकूड जास्त असेल तर २५ वर आणा. धार थोडी मंद वाटते पण टिकते. सागात सिलिका असते, त्यामुळे तो चेन खातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दात्याच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो तो विसरला जातो. दाता किती खोल चावणार हे तो ठरवतो. दाता घासून घासून खाली येतो, उंचवटा तसाच राहतो, आणि मग धार असूनही चेन नुसती घसरते. दर चार-पाच वेळा कानस मारल्यावर पट्टी ठेवून तो तपासायचा. साधारण ०.६५ मिमीचा फरक ठेवायचा. काही जण मुद्दाम एक मिमीपर्यंत उतरवतात, "चावरी" चेन म्हणून. जमिनीवर, मोठ्या इंजिनावर, एखाद्या दिवसापुरतं ते मजेचं वाटतं. पण तीच चेन बारच्या टोकाला लागली की मशीन अंगावर उसळतं, आणि क्लच रोज जळल्यासारखा वास मारतो. मी नाही करत.

चौकोनी कोपऱ्याचा दाता स्वच्छ लाकडात गोल कोपऱ्याच्या दात्यापेक्षा जलद कापतो, हे खरं. पण आपली झाडं स्वच्छ नसतात. शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडात खिळे, जाहिरातींच्या पाट्यांच्या तारा, दिव्यांच्या माळांचे हुक निघतात. कोकणात नारळ-सुपारीच्या बुंध्यात वाळू. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगडात आठवडाभर नुसती नारळ-सुपारी कापत होतो. पहिल्या दिवशी चौकोनी चेन लावली होती, दुपारपर्यंत तिसरी बदलली. दुसऱ्या दिवसापासून गोल कोपऱ्याची लावली आणि कानस खिशात. तुमच्या भागात तीच लावा.

आता चायना मशीन. ५८ सीसी हा आकडा कव्हरवरचा आहे. मी दोन उघडून मोजली; बोअर (सिलिंडरचा व्यास) ४५.२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३४ मिमी. व्यासावरून क्षेत्रफळ काढून स्ट्रोकने गुणून बघा, साडेचौपन्न सीसीच्या आसपास येतो. त्याला २२ इंची बार म्हणजे छोट्या ट्रॅक्टरला मोठा नांगर. बार जेवढा लांब तेवढे दाते एका वेळी लाकडात, तेवढं तेल ओढायचं, तेवढं घर्षण. १८ इंची बार आणि त्याला बसणारी चेन घ्या, तेच मशीन वेगळं वाटेल. २२ इंच लागेल असा बुंधा आला तर ७० वाल्याने कापा. त्या मशीनवर एवढाच खर्च. त्याचं कास्टिंग, बेअरिंगं, सील बघता पोर्टिंगचे पैसे परत येणार नाहीत.

स्प्रॉकेटचाही (चेन फिरवणारं दातेरी चाक) एक प्रयोग लोक करतात, सात दात्यांऐवजी आठ दात्यांचा. ३/८ च्या चेनला सात दाते असतील तर एका फेऱ्यात चेन १३३ मिमी पळते, आठ असतील तर १५२. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांचा हिशेब केला तर सेकंदाला साधारण २२ मीटरच्या जागी २५ मीटर. वेग वाढला तेवढी ओढ घटली. लहान बार, मऊ लाकूड, आणि भरपूर ताकदीचं इंजिन असेल तरच हे फायद्याचं. ७० सीसीवर २० इंच बार ठेवून सुबाभूळ, सिल्व्हर ओक तोडायचं असेल तर बघा. आंब्याच्या बुंध्याला सातच बरा.

एवढं झाल्यावरही आणखी ताकद हवी वाटली तर सायलेन्सर. इथे मेकॅनिक बरोबर आहे. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कंपन्या सायलेन्सरची वाट अरुंद ठेवतात, इंजिनाला मोकळा श्वास मिळत नाही. पण भोकं पाडण्याआधी जाळी काढून बघा. ठिणगी अडवायची ती बारीक जाळी काजळीने भरलेली असते, विशेषतः ऑइल अंदाजाने ओतणाऱ्यांच्या मशीनमध्ये. वायरच्या ब्रशने साफ केली की अर्ध्या लोकांचं समाधान तिथेच होतं. जाळी परत बसवायची. फेब्रुवारी ते मे वाळक्या गवतात काम करताना एका ठिणगीने डोंगर पेटतो, आणि वणव्याचं नाव तुमच्यावर येतं.

मोकळं करायचंच असेल तर अंदाज असा: सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या (जळका वायू बाहेर पडायच्या) तोंडाचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या पाऊण पटीपर्यंत सायलेन्सरची बाहेरची वाट. त्यापुढे फक्त आवाज वाढतो. नवीन भोक कुठे तोंड करतंय तेही बघा. प्लास्टिकच्या कव्हरवर, ऑइलच्या टाकीवर, तुमच्या उजव्या हातावर गरम झोत येता कामा नये. कानावर मफ नसेल तर हा विषय इथेच सोडा. मूळच्या सायलेन्सरसकट हे मशीन कानाशी शंभर डेसिबलच्या वर असतं.

आणि आता माझा पहिला पिस्टन. ७२ सीसीचं मशीन होतं, जेमतेम वर्षाचं. सायलेन्सरला दोन भोकं पाडली, आवाज असा काही आला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मे महिना, विलायती शिरीषाचा तीन फुटी बुंधा. मशीन खरंच सुसाट कापत होतं. पंचवीस मिनिटं. मग आवाज चढला, अगदी टोकदार झाला, आणि मशीन जागच्या जागी बंद. दोरी ओढली तर हलेना. उघडलं तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे चरे, रिंग ॲल्युमिनियममध्ये बसलेली. सायलेन्सर मोकळा केला म्हणजे इंजिनातून जास्त हवा जाते, आणि कार्बोरेटरला मी हातच लावला नव्हता. पेट्रोल तेवढंच, हवा जास्त. मिश्रण कोरडं झालं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं, म्हणजे पेट्रोल कमी तर वंगणही कमी, आणि थंडावाही कमी. शेवटच्या दहा मिनिटांत मशीन जे सर्वांत जोरात चाललं ते मरणाआधीचं चालणं होतं.

पिस्टन वाचायला शिका, फार उपयोगी पडतं. चरे फक्त एक्झॉस्टकडे असतील तर कोरडं मिश्रण किंवा उष्णता. चारही बाजूंनी असतील तर बहुधा कुणीतरी ऑइलशिवाय पेट्रोल भरलंय. इन्टेककडची (मिश्रण आत येतं ती) बाजू घासून मळकट, निस्तेज झाली असेल तर फिल्टरमधून धूळ आत जातेय. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टन दिसतो. मशीन न खोलता निम्मं निदान होतं.

तर सायलेन्सर उघडला की त्याच दिवशी, त्याच बैठकीत कार्बोरेटर लावायचा. एल (कमी फेऱ्यांच्या पेट्रोलचा), एच (पूर्ण फेऱ्यांच्या पेट्रोलचा) आणि आयडलचा, असे तीन स्क्रू. एअर फिल्टर साफ, चेन धारदार, बार लावलेला, मशीन दोन-तीन मिनिटं चालवून गरम. आधी एल: आयडलवर सुरळीत चालून ट्रिगर दाबताच न अडखळता उचललं पाहिजे. मग आयडल: चेन अजिबात फिरता कामा नये. शेवटी एच. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की पेट्रोल वाढतं, घड्याळाच्या दिशेने कमी होतं. एका वेळी वळणाचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही. पूर्ण ट्रिगरवर मोकळं चालताना आवाज जरा भरड, अडखळल्यासारखा यायला हवा, जुनी फोर-स्ट्रोक बुलेट लांबून ऐकल्यासारखा; आणि लाकडात घातल्यावर तो भरडेपणा जाऊन आवाज साफ व्हायला हवा. मोकळंच किंचाळत असेल तर कोरडं आहे. शक्य असेल तर टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) लावा आणि मशीनच्या पुस्तिकेतला कमाल फेऱ्यांचा आकडा ओलांडू नका.

इथे एक फसगत होते. काही मशिनांच्या कॉइलमध्ये फेऱ्या रोखायची सोय असते. ती लागली की आवाज तसाच अडखळतो. मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त) आहे असं वाटून माणूस एच आवळत जातो आणि प्रत्यक्षात इंजिन कोरडं करत जातो. कानावर विश्वास असलेले जुने मेकॅनिक यातच अडकतात. आणि तुमच्या ७० सीसीला स्क्रूच नसतील, म्हणजे ऑटोट्यून किंवा एम-ट्रॉनिकसारखी व्यवस्था असेल, तर ते स्वतःच जुळवून घेतं, पण ठराविक मर्यादेतच.

दुसरा पिस्टन उंचीने घेतला. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, आठवडाभर काम होतं. वर हवा विरळ, मिश्रण आपोआप श्रीमंत होतं, मशीन जड वाटतं. आमच्या पोराने एच आवळून झकास लावलं. तेवढ्यात पोलादपूरजवळ एक आंबा पडल्याचा फोन आला. घाट उतरलो, मशीन तसंच चालवलं. खाली हवा दाट, स्क्रू वरच्याच जागी. अर्ध्या तासात गेलं. तुम्ही आंबोलीत कामं घेत असाल तर वर जाताना एक जागा आणि खाली येताना दुसरी, असं स्क्रूवर रंगाने खूण करून ठेवा. थंडी-उन्हाचंही तसंच: मेच्या दुपारी लावलेलं मशीन डिसेंबरच्या पहाटे थोडं कोरडं चालतं, कारण थंड हवा दाट असते.

या सगळ्यात पेट्रोलची भर पडलीये. आता पंपावर ई-२० मिळतं. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल आलं की ते साधारण साडेतेरावर येतं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. म्हणजे स्क्रू न हलवता मिश्रण सात-आठ टक्के कोरडं. जुन्या पेट्रोलवर लावलेली मशिनं "उगाचच" सीज व्हायला (पिस्टन अडकून बंद पडायला) लागली, त्यात याचा वाटा आहे असं माझं मत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या पावसात अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवली की पाणी-इथेनॉल खाली बसतं, आणि त्यात ऑइल नसतं. पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या तळाशीच लोळत असतो. पहिला घोट तोच जातो. मिश्रण दोन आठवड्यांपुरतंच करा, काम संपलं की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. ऑइल चांगलं असेल तर लिटरला २० मिली, साधं असेल तर ४०. स्कूटरच्या पंपावरचं सुटं ऑइल नको.

आता पोर्टिंग. आरएक्स १०० चा हात असलेला माणूस मिळणं ही चांगली गोष्ट, पण त्याला दोन फरक आधी सांगा. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर असतो. चूक झाली की बोअर करून ०.२५ किंवा ०.५० चा पिस्टन टाकता येतो. चांगल्या चेनसॉच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमवर कडक मुलामा असतो. ग्राइंडरची कड घसरली, मुलामा सोलला, की तो सिलिंडर संपला. बोअर करायची सोय नाही. दुसरं, आरएक्स रस्त्यावर कधी पूर्ण थ्रॉटलला, कधी अर्ध्यावर चालायची, वारा लागायचा. चेनसॉ दिवसभर पूर्ण ट्रिगरवर, दहा-बारा हजार फेऱ्यांवर, फ्लायव्हीलच्या पंख्याच्या हवेवर.

रेसिंगवाले एक्झॉस्ट वर उचलतात, वरच्या फेऱ्यांना जोर यावा म्हणून. झाडाच्या कामाला तो जोर बिनकामाचा. मोठ्या बुंध्यात बार गाडला की फेऱ्या खाली येतात, तिथे ओढ हवी. पिस्टन सर्वांत वर असल्यापासून मोजलं तर कामाच्या मशीनचा एक्झॉस्ट क्रँकच्या १०० अंशांच्या आसपास आणि ट्रान्सफर (खालून नवं मिश्रण वर येण्याची वाट) १२० च्या आसपास उघडतो. त्या मधल्या वीस अंशांत जळका वायू बाहेर जाऊन नव्या मिश्रणाला जागा होते. ते अंतर सांभाळून एक्झॉस्ट फक्त रुंद करायचा, तोही बोअरच्या साठ टक्क्यांच्या पुढे फारसा नाही, नाहीतर रिंग तोंडात फुगून अडकते आणि तुटते. सगळ्या कडांना बारीक गोलाई. सिलिंडरखालचं पॅकिंग काढून दाब वाढवायचीही एक रीत आहे. तसं करायचं असेल तर आधी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून पिस्टन आणि हेडमधली फट मोजा. अर्ध्या मिमीच्या खाली जाऊ नका. आणि सिलिंडर खाली आला की सगळ्या पोर्टांची वेळही बदलते, एक्झॉस्ट उशिरा उघडतो, हे विसरून नुसतं पॅकिंग फेकणारे खूप आहेत.

तुमचं ७० सीसीचं मशीन हुस्कवर्ना ३६५ एक्स-टॉर्क असेल तर नशीबवान आहात. ते आणि ३७२ एक्सपी एक्स-टॉर्क दोन्ही ७०.७ सीसी, एक ३.६ किलोवॅट, दुसरं ४.१. मुख्य फरक ३६५ च्या ट्रान्सफरच्या वाटेत बसवलेल्या अडवणाऱ्या तुकड्यांचा. ते काढले की ग्राइंडर न लावता बराच पल्ला गाठता येतो. पण अशा नव्या इंजिनांत मिश्रणाआधी स्वच्छ हवेचा थर सोडायची रचना असते, पिस्टनमध्येही खाचा असतात. इन्टेककडे मनाने घासकाम केलं तर ती जुळणी बिघडते. आरएक्सच्या मेकॅनिकने हे पाहिलेलं नसण्याची शक्यता जास्त. त्याने कधी चेनसॉ पोर्ट केलंय का, केलेलं मशीन कुठे चालतंय, हे विचारा आणि ते चालवून बघा. आणि काम सुरू करायच्या आधी इंजिनाची प्रेशर-व्हॅक्यूम चाचणी करून घ्या. क्रँकचे सील गळत असतील तर बाहेरून हवा आत येते, आणि मग कितीही छान पोर्टिंग केलं तरी ते कोरडंच चालणार.

छोट्याबद्दल सुरुवातीलाच नाही म्हटलं. ते मशीन तुम्ही दोरावर लटकून, कधी खांद्याच्या उंचीवर, फांदीला मिठी मारून वापरता. वरचा हँडल असल्यामुळे पकड आधीच कमी, उसळी आली तर ती गळ्याकडे येते. तिथे मऊ, अंदाज येणारी ताकद हवी. उघड्या सायलेन्सरचा झोत दोराला लागला तर दोर वितळतो, आणि खालून पोरगा काय ओरडतोय ते ऐकू येत नाही. त्याला ४ मिमीची कानस, नवा बार आणि चालणारा ब्रेक द्या. चेन-ब्रेक कुठल्याही मशीनचा काढू देऊ नका, कितीही आड येतोय असं वाटलं तरी.

७० वालं केलंत तर पहिल्या तीन टाक्या एच नेहमीपेक्षा थोडा उघडा ठेवा, मऊ लाकडात चालवा, प्रत्येक टाकीनंतर थंड झाल्यावर सायलेन्सर काढून टॉर्च मारून पिस्टन बघा. चकचकीत, उभ्या ओरखड्यांशिवाय दिसला तर पुढच्या टाकीपासून आंब्याला लावा.